‘कुणाला सांगू नका’ म्हणतो? मग सगळ्यांना सांगा!

मुलांनो, तुमच्या घरी मोबाइलवर आलेला मेसेज कोण वाचून दाखवतं? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कितीतरी घरांत या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. आजीला बारीक अक्षर दिसत नाही, मायला इंग्रजी वाचता येत नाही, बाबा धानाच्या बांधीत नाहीतर जंगलात गेलेले असतात. मग फोन वाजला, की हाक येते, ‘‘पाह्य बरं, काय आलं ते!’’ आणि पाचवीतला नाहीतर सातवीतला मुलगा किंवा मुलगी तो मेसेज वाचून दाखवते. म्हणजे घरातल्या फोनचे खरे कारभारी तुम्हीच! म्हणून आजचा हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि पालकहो, तुम्हीही तो मुलांच्या शेजारी बसून वाचा.

आता मला सांगा, आपल्या घरचे पैसे कुठे असतात? पूर्वी ते मडक्यात, पेटीत नाहीतर आजीच्या कमरेच्या पिशवीत असायचे. आता बहुतेक पैसे बँकेच्या खात्यात येतात. आधारभूत केंद्रावर धान विकलं, की त्याचे पैसे खात्यात. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत खात्यात. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये खात्यात. तुमची शिष्यवृत्ती खात्यात. मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून तोडलेल्या तेंदूपत्त्याची मजुरीसुद्धा बऱ्याच ठिकाणी आता खात्यातच जमा होते.

ही सोय चांगली आहे, यात शंका नाही. पण पैसे जिथे जातात, तिथे चोरही जातो. पूर्वीचा चोर रात्री भिंतीला भोक पाडायचा, कुत्र्याला घाबरायचा. आताचा चोर भर दुपारी, हजार किलोमीटरवरून फोन करतो. त्याला भिंत फोडावी लागत नाही. तो बोलण्यात गुंतवून आपल्याच हाताने कुलूप उघडून घेतो.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत एक आकडा सांगितला. फोन आणि इंटरनेटवरून झालेल्या फसवणुकीत २०२३ साली देशातल्या लोकांचे ७,४६५ कोटी रुपये गेले होते. २०२४ साली गेले २२,८४५ कोटी! वही घ्या आणि भागाकार करून पाहा. २०२४ हे लीप वर्ष होतं, म्हणून ३६६ ने भागा. दिवसाला बासष्ट कोटींहून जास्त! यात श्रीमंतांचे पैसे होते, तसेच एखाद्या म्हातारीचे जमवलेले दोन-चार हजारही होते. श्रीमंताला दोन हजार गेले तर चुटपुट लागते. आजीचे दोन हजार गेले, तर महिन्याचं औषध जातं.

चोर कोणत्या वेषात येतो?

बहुरूपी तुम्ही पाहिला असेल. आज पोलीस, उद्या वैद्य. हा फोनवरचा चोरही तसाच आहे. त्याचे पाच वेष ओळखून ठेवा.

पहिला वेष बँकेच्या साहेबाचा. ‘‘आजी, तुमचं केवायसी राहिलं आहे. आज संध्याकाळी खातं बंद होणार. फोनवर सहा आकडे आले असतील, ते सांगा पटकन!’’ हे सहा आकडे म्हणजे ओटीपी, एकदाच वापरायची किल्ली. कुणी तुमच्या खात्यातून पैसे काढायला गेलं, की बँक मालकाच्या फोनवर ही किल्ली पाठवते. जणू विचारते, ‘मालक, दार उघडू का?’ ती किल्ली तुम्ही चोराला सांगितली, की बँकेला वाटतं मालकानंच दार उघडायला सांगितलं. म्हणून लक्षात ठेवा, खरी बँक फोन करून ओटीपी किंवा पिन कधीही विचारत नाही.

दुसरा वेष योजनेच्या माणसाचा. ‘‘ताई, तुमचा हप्ता अडकला आहे. या लिंकवर नाव, आधार आणि खात्याचा नंबर भरा.’’ सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा सरकारी वेबसाइटसारख्याच दिसणाऱ्या खोट्या वेबसाइटही निघाल्या. बायाबापड्या हप्त्याच्या काळजीत होत्या, आणि चोराला नेमकी तीच काळजी हवी होती. हप्ता खरोखर अडकला, तर ग्रामपंचायतीत, अंगणवाडीताईंकडे किंवा आपल्या बँकेत जाऊन विचारायचं. अनोळखी लिंकला हात लावायचा नाही.

तिसरा वेष फाइलचा. व्हॉट्सॲपच्या गटावर ‘पीएम किसान’, ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘वाहनाचा दंड’ अशा नावाची फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. एपीके म्हणजे फोनमध्ये नवं ॲप बसवणारी फाइल. लग्नपत्रिका म्हणजे चित्र, तिला ॲप कशाला लागतं? ही फाइल दाबली आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हटलं, की फोनमध्ये जणू चोराचा माणूस येऊन बसतो. मग येणारे मेसेज तोच वाचतो, ओटीपी सांगण्याचीही गरज उरत नाही. फाइल पाठवणारा आपल्या ओळखीचा दिसला, तरी फसू नका. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा फोनही आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो.

चौथा वेष पैसे देणाऱ्याचा. ‘‘तुम्हाला पाच हजारांचं बक्षीस लागलं आहे. हा चौकोनी कोड स्कॅन करा आणि पिन टाका.’’ आता विचार करा, पैसे घ्यायला कधी पिन लागतो का? नाही! यूपीआयचा पिन टाकला, की पैसे आपल्या खात्यातून बाहेर जातात. आत येत नाहीत. एवढं एकच वाक्य आज घरात सगळ्यांना सांगितलं, तरी पुष्कळ झालं.

पाचवा वेष सगळ्यांत भीतीदायक, वर्दीचा. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेषातला माणूस दिसतो, मागे अशोकस्तंभाचं चित्र असतं. तो म्हणतो, ‘‘तुमच्या आधार कार्डावर गुन्हा घडला आहे. तुम्हाला डिजिटल अटक केली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही!’’ मुलांनो, भारताच्या कोणत्याही कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवरून अटक करत नाही आणि सुटकेसाठी खात्यात पैसे भरायलाही सांगत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणांची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी सीबीआयला तपासाचे आदेश दिले.

हुशार माणसंही का फसतात?

तुम्हाला वाटेल, शिकलेली माणसं फसत नसतील. पण तसं नाही. लुधियानाचे एस. पी. ओसवाल हे वर्धमान या मोठ्या वस्त्रोद्योगाचे प्रमुख. पद्मभूषण मिळालेले, वयाची ऐंशी ओलांडलेले. ऑगस्ट २०२४ मध्ये चोरांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर दोन दिवस अडकवलं. खोटं न्यायालय उभं केलं, सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेला माणूसही बसवला! ओसवाल यांचे सात कोटी रुपये गेले. त्यांनी तक्रार केली, पोलिसांनी लगेच हालचाल केली आणि त्यातले सुमारे सव्वापाच कोटी परत मिळवले.

मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका आजींची गोष्ट तर याहून विचार करायला लावणारी आहे. डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात ‘डिजिटल अटके’ची भीती घालून चोरांनी त्यांचे वीस कोटींहून जास्त रुपये उकळले. दोन महिन्यांहून जास्त काळ हे चाललं होतं! उघडकीला कसं आलं, माहीत आहे? घरकाम करणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं, की आजी खोलीतून जेवणापुरत्याच बाहेर येतात, फोनवर कुणावर तरी ओरडतात, काहीतरी बिनसलं आहे. त्यांनी ते आजींच्या मुलीला सांगितलं. बँकेच्या यंत्राला नाही, संगणकाला नाही, तर रोज घरात वावरणाऱ्या एका माणसाला ते आधी कळलं.

या दोन्ही गोष्टींत चोराने सगळ्यात आधी काय केलं? त्याने माणसाला एकटं पाडलं. ‘‘हे प्रकरण गुप्त आहे, घरात कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका.’’ बँकेचा साहेब बनला, तरी तो हेच करतो. ‘‘आत्ताच्या आत्ता सांगा’’ म्हणतो, म्हणजे कुणाला विचारायला वेळच मिळू नये. भीती, लोभ आणि घाई ही त्याची हत्यारं खरी, पण ती चालतात कुणावर? एकट्यावर! शेजारी कुणी बसलेलं असलं, की ते म्हणतं, ‘‘थांबा हो, आधी बँकेत जाऊन विचारू.’’ संपला त्याचा डाव.

आपल्याकडची म्हातारी माणसं अशी एकटी लवकर पडतात. घरात गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या आजोबांना फोनवरची रुबाबदार हिंदी ऐकली, की वाटतं, कुणी मोठा अधिकारीच बोलतो आहे. सरकारी माणसाला उलट प्रश्न कसा विचारायचा, असा संकोचही असतो. मुलगा कामासाठी दूर गेलेला. मग विचारणार कुणाला? शाळेतून घरी येणाऱ्या तुम्हालाच!

मेंढ्याच्या लोकांची सवय

एकट्याने ठरवायचं नाही, ही शिकवण आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. ती आपल्या जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव तुम्ही ऐकलं असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढ्याचं नाव घेतलं जातं. २०११ साली त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः तिथे आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

हे घडलं कसं? देवाजी तोफा आणि गावकरी यांनी एक रीत पाळली. ग्रामसभेत निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. एकाचीही शंका असली, तर थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. जोडीला अभ्यासगट असायचा. कायदा काय म्हणतो, कागदावर काय लिहिलं आहे, हे सगळे मिळून समजून घ्यायचे, आणि मगच अंगठा किंवा सही! बाहेरचा कुणी घाईने कागद पुढे सरकवू लागला, तर त्याला ग्रामसभेत येऊन सगळ्यांसमोर बोलावं लागायचं.

हीच रीत आपण घरातल्या फोनला लावू या. पैशाचा कुठलाही फोन आला, की त्याची घरसभा! आजी, माय, बाबा, तुम्ही, शेजारचे काका, जो हजर असेल तो. ‘‘आमच्या घरात विचारून सांगतो’’ एवढं म्हणायचं आणि फोन ठेवायचा. खरा बँकवाला असेल, तर त्याला राग येणार नाही. चोर असेल, तर तो चिडेल, ओरडेल, धमकी देईल. तो चिडला, की ओळखायचं!

पैसे गेलेच तर?

इतकं करूनही कधी पैसे गेले, तर रडत बसायचं नाही. आता घाई आपण करायची. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहा खात्यांत पाठवतो आणि एटीएममधून काढून घेतो. यात काही तास जातात, कधी काही मिनिटंच. तेवढ्यात आपण त्याला गाठायचं.

यासाठी देशभर एकच नंबर आहे, १९३०. तिथे तक्रार नोंदली, की ती बँकांपर्यंत पोहोचते आणि पैसा ज्या खात्यात असेल तिथे तो रोखून धरता येतो. जुलै २०२५ पर्यंत या व्यवस्थेमुळे पाच हजार कोटींहून अधिक रुपये वाचले, असं सरकारने सांगितलं आहे. सगळेच पैसे परत मिळतात असं नाही. पण जितका उशीर, तितकी आशा कमी.

फोन करताना या गोष्टी जवळ ठेवा : बँकेचं नाव, खात्याचा नंबर, किती रुपये गेले, किती वाजता गेले, आणि पैसे गेल्याच्या मेसेजमधला व्यवहाराचा क्रमांक. तो मेसेज आणि चोराचा नंबर पुसून टाकू नका. तोच पुरावा! लगोलग आपल्या बँकेला कळवून खात्यातून होणारे व्यवहार बंद करायला सांगा. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांत रेंज गेलेली असते, तेव्हा वाट पाहत बसू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोलीस मदत केंद्रात जा. गडचिरोली जिल्ह्यात तिथे ‘पोलीस दादालोरा खिडकी’ आहे. दाखले आणि योजनांच्या कामांसाठी लोक तिथे जातातच, अशा वेळी मदत मागायलाही तिथेच जायचं.

आणखी एक गोष्ट. पैसे गेलेल्या माणसावर रागावू नका. ‘‘एवढंही कळत नाही का?’’ असं आजीला म्हटलं, तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. आणि न सांगणं हेच तर चोराला हवं असतं. ‘‘आजी, बरं झालं लगेच सांगितलंस. चल, फोन लावू,’’ एवढंच म्हणा. चूक आजीची नाही, चोरी करणाऱ्याची आहे.

साखळीची कडी होऊ नका

हे थोडं मोठ्या मुलांसाठी, आठवीच्या पुढच्यांसाठी. चोराला पैसे ठेवायला दुसऱ्यांची खाती लागतात. कुणी येतो आणि म्हणतो, ‘‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दोन हजार देतो,’’ किंवा ‘‘तुझ्या नावावर सिमकार्ड काढून दे.’’ ते दोन हजार कुणाच्या तरी आजीचे असतात, आणि पोलीस शोधत येतात तेव्हा खात्यावर नाव तुमचं असतं. खातं, एटीएम कार्ड, सिम कुणालाही द्यायचं नाही, मित्रालाही नाही.

‘परदेशात संगणकाची नोकरी, भरपूर पगार’ या जाहिरातींपासूनही सावध राहा. अशा आमिषाने अनेक तरुण म्यानमार, कंबोडियात नेले गेले. तिथे त्यांना कोंडून, धमकावून लोकांना फसवणारे फोन करायला लावलं गेलं. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने थायलंडमार्गे विमानाने अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. म्हणजे कधी कधी फोनच्या पलीकडे बोलणारा मुलगाही कुणीतरी फसवलेलाच असतो. त्यालाही एकटं पाडलेलं असतं.

करून पाहा!

या आठवड्यात तीन कामं करा.

एक, गेरू नाहीतर खडूने चुलीजवळच्या भिंतीवर, आजीला दिसेल इतक्या मोठ्या आकड्यांत ‘१९३०’ लिहा. आजीला आकडे वाचता येत नसतील, तर तो नंबर ‘मदत’ या नावाने फोनमध्ये साठवा आणि तो कसा लावायचा ते दाखवा. उगाच लावून मात्र पाहू नका हं, तिथे कुणीतरी खरोखर संकटातला माणूस वाट पाहत असतो.

दोन, घरातल्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवा. मोहफूल, वाघोबा, काहीही. आता चोर यंत्राच्या मदतीने ओळखीच्या माणसाचा आवाजही काढू शकतो. ‘‘माय, मी अडचणीत आहे, पैसे पाठव’’ असा फोन आला, तर आधी खुणेचा शब्द विचारायचा. तो शब्द घराबाहेर कुणालाही सांगायचा नाही.

तीन, एक नाटुकलं बसवा. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडया भरतात, रात्र रात्र झाडीपट्टीची नाटकं रंगतात. मग दहा मिनिटांचं एक नाटुकलं शाळेच्या स्नेहसंमेलनात व्हायला काय हरकत आहे? एकजण चोर, एकजण आजी, एकजण शेजारीण. चोराने पाचही वेष घ्यावेत आणि प्रत्येक वेळी आजीने त्याला पळवून लावावं. संवाद तुम्हीच लिहा. घरी गोंडी, माडिया, तेलुगू किंवा बंगाली बोलत असाल, तर त्याच भाषेत लिहा. ज्या भाषेत आजी हसते, त्याच भाषेत तिच्या लक्षात राहतं.

नाटुकल्याचं शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणा. चोर म्हणेल, ‘‘कुणाला सांगू नका!’’ आणि आजी म्हणेल, ‘‘थांब, आधी साऱ्या गावाले सांगतो!’’